उजव्या अंगाला बसणारी

रुखमा गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. खामगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी आमची लेक शांता होती, अन् मी बैलांना वैरण टाकायला म्हणून सकाळीच गावी परतलो होतो. दुपारची गाडी फाट्यावर थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि पायवाटेने थेट आमच्या वावरात आला. तो एवढा चालत आला तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी असती तर त्याने खिडकीतूनच ओरडून सांगितली असती. "नामदेवभाऊ, काकू गेल्या," एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातला विळा काढून घेतला. मी म्हणालो, तू हो पुढे, मी माझी जीप घेऊन येतो. गोठ्याला लागून छपरात जीप उभी होती. जाऊन बसलो, बटण दाबलं, पहिल्या झटक्यात इंजन लागलं. मग मी सवयीने उजवीकडे पाहिलं... आणि इंजन बंद केलं.  बऱ्याच वेळाने पायीच फाट्यावर आलो तर एसटी अजून उभीच. कंडक्टर म्हणाला, "मले ठाऊक होतं तुमी येसान. म्हून थांबलो." गाडीतलं एकही माणूस उशीर झाला म्हणून बोललं नाही.

गाडी चालती होती, टाकीत तेल होतं, चालवणारा मी होतो, तरी बायकोच्या मातीला मी एसटीने गेलो. गावात लोक अजून विचारतात. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या जीपची गोष्ट सांगावी लागते, आणि जीपची सांगायला घेतली की रुखमाची आपोआप सांगून होते. दोघींना वेगळं काढता येत नाही.

मोठी लढाई संपली तेव्हा मी खामगावला एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर होतो. शेठने लष्करी लिलावातून अमेरिकन सोल्जरांच्या तीन जीपा आणल्या आणि आणून पस्तावला. स्टेअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीत, डोक्यावर नुसती ताडपत्री, आणि पेट्रोल अशी प्यायची, जनावर हौदाला तोंड लावल्यावर पितं तशी. कोणी घेईना. मला मात्र तिची एक गोष्ट आवडली होती. तिला मोठ्या गिअरच्या बाजूला एक लहान दांडी होती. ती ओढली की चारही चाकांत जोर यायचा. आमचं गाव संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. काळी जमीन. पाऊस झाला की माणसाचा जोडा चिखलात राहतो आणि पाय वर येतो. अशा रानात ही गाडी चालेल असं मला वाटलं. शेठ म्हणाला, "तुले येवढी आवडली तं घेऊन जाय बापा, मले अंगन मोकळं पाह्यजे." मी माझी बैलजोडी त्याला दिली आणि जीप घरी आणली. त्या वेळी तिची किंमत ती होती, एक बैलजोडी. तीही काही पहिल्या नंबरची नव्हे.

रुखमा अंगणात आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बैल देले आन् हे आनलं? याच्या पाठीवर हात फिरवला तं हे शेपटी हालवते काय?" दोन दिवस ती गाडीजवळ फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या माहेरी, वडनेर भोलजीला, जायचं निघालं. ती गाठोडं घेऊन मागे चढली, जशी बैलगाडीत बसायची तशी, मागच्या बाजूला तोंड करून. पुढे बस म्हटलं तर म्हणे, "लोकं काय म्हन्तीन?"

आता ज्यांनी डाव्या स्टेअरिंगची गाडी चालवली नसेल त्यांना एक सांगतो. आपल्याकडे गाड्या चालतात रस्त्याच्या डाव्या अंगाने. ड्रायव्हरही डावीकडेच बसला, तर पुढच्या गाडीआड त्याला समोरून येणारं काहीच दिसत नाही. पुढची गाडी ओलांडायची तर मान कितीही बाहेर काढा, उपयोग नाही. त्या दिवशी रस्त्याने कापसाच्या बैलगाड्यांची ओळ लागली होती, कापूस असा भरलेला की पुढे नुसती पांढरी भिंत. मी अंदाजाने गाडी बाहेर काढली, आणि समोरून ट्रक. कशी परत आत घातली ते देवाला ठाऊक. मागे रुखमा गाठोड्यासकट आडवी झाली होती. उठली, पदर कमरेला खोचला, सीटवरून टांग टाकून पुढे आली आणि उजवीकडच्या सीटवर बसली. "तुमाले दिसत नाही तं तसं सांगा ना! मले दिसते," म्हणाली. थोडं पुढे वाकून रस्ता न्याहाळला. "थांबा... थांबा... हं, चाला."

त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. आमचे शब्द दोनच, 'थांबा' आणि 'चाला'. चाला म्हटलं की मी गाडी बाहेर काढायचो, एकदाही मागेपुढे पाहिलं नाही. तिने सांगितल्यावर पाहायला राहिलंच काय? बाकीच्या गाड्यांत जिथे ड्रायव्हर असतो तिथे आमच्या गाडीत लुगडं नेसलेली बाई बसलेली, हात मांडीवर, समोर स्टेअरिंग नाही. नांदुऱ्याच्या स्टेशनापुढे टांगेवाले एकमेकांना दाखवायचे, "पाहाय बे, बाई गाडी चालवून राह्यली, हात न लावता!" एकदा रुखमाने त्यांना ऐकवलं, "हात कायले लागते? आपलं तोंड पुरते." टांगेवाले इतके हसले की घोडी दचकली.

पुढे या जीपवर आमचा संसार चालला. दोन वर्षांत बैल पुन्हा झाले, पण पोट भरलं ते जीपनेच. बाजारच्या दिवशी माणसं, बी-बियाणं, लग्नाचं वऱ्हाड, नवी नवरी, आजारी माणूस, सगळं त्यात गेलं. पावसाळ्यात नदीला पाणी असलं की बैल पाण्यात पाय घालायचे नाहीत, तिथे लहान दांडी ओढून जीप पार व्हायची. पण आधी रुखमा खाली उतरायची, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात चालत जायची आणि मध्यावर उभी राहून सांगायची, येऊ द्या किंवा येऊ नका. येऊ नका म्हणाली की पैसेवाला असो की पाटील, सगळे अलीकडेच थांबायचे. मी तिला म्हणायचो, तू वाहून गेलीस तर? "तं तुमाले समजन ना पानी किती हाये," म्हणायची. अशी होती.

आता जीपच्या भावाचं सांगतो, कारण भांडण तिथून सुरू झालं. अकोल्याला जुन्या गाड्यांचे एक व्यापारी आहेत, सत्तारभाई. कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आला की ते या भागात चक्कर मारायचे. पहिल्यांदा आले तेव्हा गाडीच्या चाकाला पायाने टिचकी मारली आणि म्हणाले, "भंगारात देता काय?" दोन-तीन वर्षांनी आले तेव्हा चाकाला पाय लावला नाही, हात लावला. म्हणाले, एका चांगल्या जोडीचा भाव देतो. त्याच्या पुढच्या खेपेला दोन जोड्या. नंतर नंतर तर ते आधी चहा घ्यायचे, घरच्यांची खुशाली विचारायचे आणि मग हळूच छपराकडे पाहायचे. कारण असं की नवी जीप पाहिजे तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. जंगलाच्या ठेकेदारांना सातपुड्यात चढायला हीच गाडी पाहिजे, इलेक्शनला उभे राहणाऱ्यांना खेड्यापाड्यांत जायला हीच पाहिजे. लिलावात येणाऱ्या लढाईच्या जीपा संपत आल्या. होत्या त्या लोकांनी सुट्या भागांसाठी खोलून टाकल्या. पुरी, सगळ्या अवयवांनिशी उभी असलेली गाडी औषधाला मिळेना. सत्तारभाई म्हणायचे, "नामदेवभाऊ, ये अब गाडी नहीं रही. तुमच्या छपरात सोन्याची लगड उभी हाये, आन् तिच्यावर कोंबडी बसून राह्यली!"

माझं मन डळमळलं. एका वर्षी त्यांनी दोन जोड्या आणि वर विहिरीचं पक्कं बांधकाम होईल एवढा भाव सांगितला. मी रुखमाला न विचारता हो म्हणालो आणि इसार घेतला. घरी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. आणि काही बोलली नाही म्हणजे काहीच बोलली नाही. चूल पेटायची, ताट वाढलेलं असायचं, पण तोंडातून शब्द नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच तिथीला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, वडनेरलाच. निघालो. ती आपल्या जागेवर बसली, नव्या लुगड्यात, ताठ. नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो तर कापसाच्या गाड्यांची ही लांब ओळ, जिनिंगकडे निघालेली. मी विचारलं, "जाऊ काय?" ती वावराकडे पाहत राहिली. "अवं, सांग ना, मोकळा हाये काय रस्ता?" नाही. गाडीवान मागे वळून पाहू लागले, हात करू लागले, जा म्हणून. पण त्यांच्या हातावर मी कधी गेलो नव्हतो आणि त्या दिवशीही गेलो नाही. इंजन असलेली गाडी बैलाच्या चालीने चालली. बैलांच्या शेपट्या मोजायच्या, आणखी काय! वडनेरला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत उठत होती. मेहुणा दारातच होता. म्हणाला, "जवाईबुवा, जीपले बैल जुपले होते काय?" सगळा मांडव हसला. रुखमा हसली नाही. तिच्या लाडक्या भाचीच्या डोक्यावर तिच्या अक्षता पडल्या नव्हत्या. आत गेली आणि पोरीला पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मी बाहेरून पाहत होतो.

परत येताना गाड्या रिकाम्या होऊन फिरल्या होत्या. पुन्हा एक ओळ पुढे आली. मी विचारलं नाही, तसाच मागे चालवत राहिलो. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"हे इकली तं मी कोठी बसू?"

मला समजलं नाही. म्हटलं, "कोठी म्हंजे? घरी बसजो."

"रेंगीत मी मांगं बसते, तोंड मांगं करून," ती म्हणाली. रेंगी म्हणजे आमची लहान बैलगाडी. "जे होऊन गेलं तेच मले दिसते. एसटीत बायकायचं बाक येगळं. चालत गेलं तं तुमी म्होरं, मी दहा पावलं मांगं. जल्मात हेच येक जागा हाये का मी तुमच्या बाजूनं बसते, आन् म्होरचं मले तुमच्या आंधी दिसते. ते तुमी इकून टाकली. मले न इचारता."

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली.   दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन इसार परत देऊन आलो. सत्तारभाईंनी कारण विचारलं. म्हटलं, गाडी माझी नाही, मी नुसता चालवतो.

त्यानंतर सत्तारभाई दर वर्षी यायचे ते सौदा करायला नव्हे, भाव सांगायला. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि विचारायची, "सत्तारभाऊ, औंदा काय म्हन्ते आमच्या पोरीचा भाव?" ते सांगायचे, पाच एकर कोरडवाहू. पुढच्या वर्षी सांगायचे, खामगावला बांधलेलं घर. ती ऐकून मान डोलवायची. "पोरीले मांगनं आलं का घराची इज्जत वाढते. म्हून काय लगेच उजवून टाकाची?" मग त्यांना जेवायला वाढायची. सत्तारभाई म्हणायचे, "भाभी, मी धंद्याले येतो आन् वरण-भात खाऊन वापस जातो, माह्या दुकानाचं दिवाळं निघन." पण यायचे. एका वर्षी भाव कमी सांगितला तर ती रागावली होती, की आमच्या गाडीला काय झालं म्हणून. ते म्हणाले, मजाक केली भाभी. खरा भाव सांगितल्यावरच तिने ताट वाढलं.

मग माझ्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. कोणाला बोललो नाही. ड्रायव्हरने असं बोलायचं नसतं. पण तिला माझ्याआधी कळलं असणार, कारण आमचे दोन शब्द होते त्यांचे हळूहळू पुष्कळ झाले. "डाव्या अंगाले घ्या. खड्डा हाये. तो म्हतारा भयरा दिसते, भोंगा वाजवा." एकदा मी म्हणालो, "आज रस्ता कसा मोकळा हाये!" तर ती म्हणाली, "हाव, मोकळाच हाये. निस्त्या म्हशी उभ्या हायेत." मी चिडलो. "ड्रायव्हर मी हावो का तू?" "तुमीच," म्हणाली. "मी निस्ते डोळे." तिने गावात कोणाला कळू दिलं नाही. माणसं आमच्या गाडीत निर्धास्त बसत होती, आणि बसायला हरकतही नव्हती. ती होती ना.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पोटात अन्न ठरेनासं झालं. वैद्य झाले, अंगारे झाले, शेवटी खामगावच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. एसटीने नेतो म्हटलं तर म्हणाली, "माही जागा असतानी एसटी कायले?" गोधडीत गुंडाळून तिला सीटवर बसवलं, धोतराने कमरेशी बांधलं. सुकून पोरीएवढी झाली होती. तरी रस्त्याला लागल्यावर सुरू... थांबा. चाला. बैल हाये. पूल आला. डॉक्टरने तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार काही करण्यासारखं नाही. मी आत आलो तर ती म्हणाली, "तोंडावरून समजलं. चाला घरी."

परतताना वाटेत तिचा डोळा लागला. मान खांद्यावर पडली. दुखणं जरा थांबलं असेल, मग उठवावं कसं? आणि न उठवावं तर पुढे जावं कसं? मला समोर नुसता उजेड दिसत होता. एका बाभळीखाली गाडी घेतली, इंजन बंद केलं आणि बसून राहिलो. ऊन उतरलं, ढोरं घराकडे परतू लागली, तेव्हा ती जागी झाली. "काऊन थांबले?" म्हटलं, इंजन तापलं होतं. तिने हात लांब करून बोनेटच्या पत्र्याला बोट लावलं. पत्रा थंड होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "चाला." घर येईपर्यंत तिने पुन्हा डोळा मिटला नाही. अंगणात उतरवून बाजेवर निजवली तेव्हा बोलली, "सत्तारभाऊले निरोप धाडा."

ते आले. बाजेशी खुर्ची घेऊन बसले. ती म्हणाली, "सत्तारभाऊ, पोरगी उजवाची हाये. बोला भाव."

सत्तारभाई माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "नाही इकाची. हिच्या डोक्याले ताप चढला."

"ताप नाही चढला," ती म्हणाली. "मी गेली तं हे येकले हिच्यात बसतीन. मले मालूम हाये यायचा सोभाव. नदीले पानी असन, कोनाची सून अडन, आन् हे म्हन्तीन, चाल जाऊ. दिसत तं काही नाही यायले! सत्तारभाऊ, यायच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, हे गावात कोनाले मालूम नाही, आता तुमाले सांगतलं."

 मग सत्तारभाईंनी जे केलं ते कोणत्या व्यापाऱ्याने केलेलं मी पाहिलं नाही. म्हणाले, "भाभी, घाई नका करू. भाव अजून चढून राह्यला. दिवाळीपर्यंत थांबलं तं अजून चढन. खुदा कसम, मीच सांगून राह्यलो, आता देऊ नका."

"भाव चढला म्हून नाही देत," ती म्हणाली. "उतरला असता तरी देल्ली असती."

तेव्हा मी विकायला निघालो होतो आणि ती नको म्हणाली होती. त्या दिवशी उलटं झालं. मी अडून बसलो, वाटेल ते बोललो, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो म्हणालो. ती ऐकत होती. बाजेवर पडल्या पडल्या तिने भाव बोलला, तोही बाजारभावाला धरून. सत्तारभाईंनी मान हलवली. मग ती त्यांना म्हणाली, "मी असेतोवर राहू द्या छपरात. मी गेल्यावर घेऊन जा. यायनं नाही म्हनलं तं यायचं आयकू नका." माझ्याकडून तिने वचन घेतलं नाही. मला ओळखत होती.

पुढे दवाखान्यात ठेवली, तिथून ती परत आली नाही. शेवटच्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी तिने विचारलं, "काल कायनं आले होते?" म्हटलं, एसटीनं. "बरं केलं," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. आमचं एवढंच बोलणं झालं. आणखी काही बोलायला पाहिजे होतं असं आता वाटतं. पण काय, ते मला अजून सांगता येत नाही.

तेरवी झाल्यावर सत्तारभाई आले. मी म्हणालो, नाही देत. ते बसले, पाणी प्यायले, गेले. आठवड्याने पुन्हा आले. विचारलं, "नामदेवभाऊ, बाजारले कायनं जाता?" म्हटलं, पायी. "मंग हे कोनासाठी उभी हाये?" मी छपराकडे पाहिलं. रोज सकाळी मी ती पुसत होतो, इंजन चालू करत होतो, बंद करत होतो.  म्हणालो, घेऊन जा. त्यांनी नोटा काढल्या, तिने ठरवलेल्या भावापेक्षा जास्त. एवढ्यात बाजार आणखी चढला होता म्हणे. मी वरचे परत केले. सौदा तिचा होता, त्यात मी हात घालणार नव्हतो. गावात मला लोक येडा म्हणाले. म्हणोत.

ते म्हणाले, "ही उलटी गाडी मले सवयीची नाही. नदीपावतो बाजूले बसता काय?"

बाजूला म्हणजे उजवीकडे. इतक्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. बसलो... आणि पहिलं काय जाणवलं ते सांगतो. पायाखाली काहीच नाही. ब्रेक नाही, क्लच नाही. हातापुढे स्टेअरिंग नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात, आणि समोरून जे येईल ते आधी आपल्या अंगावर. मी आपलं समजत होतो की मी तिच्या शब्दावर निर्धास्त चालवतो, म्हणजे भरवसा माझा मोठा. त्या जागेवर बसल्यावर कळलं, चाला म्हणून झाल्यावर तिच्याजवळ काहीच उरत नव्हतं. पुढचं सगळं माझ्यावर टाकून ती बसून राहायची.

फाट्याच्या पुढे कडब्याच्या गाड्या लागल्या. सत्तारभाईंनी वेग कमी केला. "नामदेवभाऊ, जाऊ?" मला समोर धुरकट पांढरं दिसत होतं. आधार म्हणून माझा उजवा हात आपसूक काचेच्या खालच्या पत्र्याच्या कडेवर गेला आणि बोटं एका खळग्यात बसली. मी म्हणालो, "थांबा." ते थांबले. नदीपर्यंत कडब्याच्या मागे मागेच आलो. 

नदीवर उतरल्यावर मी डोळे पार जवळ नेऊन ती कड पाहिली. तिथला रंग घासून गेला होता, थेट लोखंडापर्यंत. कडेने थर दिसत होते, वर मी दिवाळीला मारलेला निळा, त्याखाली काळा, त्याखाली आणखी एक निळा, आणि सगळ्यांत खाली लष्कराचा हिरवा. तिच्या हातात चांदीचा गोट असायचा, जाड कड्यासारखा. चाला म्हटल्यावर, मी गाडी बाहेर काढून पुन्हा आत घेईपर्यंत, ती ही कड घट्ट धरून बसत असणार, आणि गोट पत्र्यावर घासत असणार. मी दर खेपेला तिथे रंग मारला आणि दर खेपेला तो उडाला, तेव्हा रंगवाल्याला शिव्या दिल्या. ती भीत होती. इतकी वर्षं भीत होती, आणि आवाजात कधी येऊ दिलं नाही.

सत्तारभाई म्हणाले, गिऱ्हाइकाला देण्याआधी पुरी गाडी रंगवावी लागेल. मी म्हणालो, रंगवा, तुमची आहे. फक्त जुना रंग घासू नका, वरून मारा. त्यांनी मी हात ठेवला होता तिकडे पाहिलं. मग लहान दांडी ओढली, पाण्यात गाडी घातली आणि पार गेले. मी इंजनाचा आवाज ऐकत उभा राहिलो, दिसत तर नव्हतंच.

आता ती कोणत्या ठेकेदाराकडे आहे, कोणत्या पुढाऱ्याकडे आहे, मला माहीत नाही. भाव आणखी चढला असेल. वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. डाव्या स्टेअरिंगची लढाईतली जुनी जीप तुम्हाला कुठे उभी दिसली, तर उजव्या अंगाला जा, काचेच्या खालच्या कडेवरून हात फिरवा. रंग नवा असेल, तरी बोटांना खळगा लागेल. लागला तर समजा, इथे रुखमा बसत होती.